‘फॅमले’ : तीन आवाज आणि एक जुना ठेका

अनेक गायकांनी मिळून केलेले गाणे ऐकताना एक प्रश्न स्वतःला विचारा : यातला एक आवाज काढला तर काही बिघडेल का? काहीच बिघडत नसेल तर ती फक्त नावांची बेरीज. प्रकल्प-अहवालावर नावे चार आणि काम एकट्याचे, हे तुम्ही पाहिले असेलच.

या कसोटीवर ‘फॅमले’ हे सोका गाणे लावून पाहू. ते त्रिनिदादच्या २०१९ च्या कार्निव्हलमध्ये गाजले. गायक तीन : त्रिनिदादचे मशेल मोंतानो व बनजी गार्लिन, आणि सेंट व्हिन्सेंट बेटाचा स्किनी फॅब्युलस. शीर्षक हे ‘फॅमिली’चे बोलीतले रूप आहे. स्किनीची खडी ललकारी, बनजीचा रागा-सोका पद्धतीचा शब्दांचा मारा आणि जमावाला हाक घालण्याची मशेलची हातोटी, यांतले काहीही वगळले तर गाणे लंगडे पडते. त्या वर्षीचा ‘रोड मार्च’ किताब त्याला मिळाला. कार्निव्हलच्या सोमवारी-मंगळवारी मिरवणुकीतील परीक्षण-स्थळांवर जे गाणे सर्वाधिक वेळा वाजते, त्याला हा मान असतो.

इथपर्यंत दाद. आता हरकत.

आम्ही कातडीचा रंग पाहत नाही, सगळे एकच कुटुंब, असे हे गाणे सांगते. भावना चांगली आहे. पण सोकाचा स्वतःचा इतिहास वेगळे सांगतो. १८४५ ते १९१७ या काळात भारतातून करारबद्ध मजूर त्रिनिदादला नेले गेले. ढोलक आणि धंताल ही वाद्ये त्यांच्या वस्त्यांत टिकली. लॉर्ड शॉर्टी या आफ्रिकी वंशाच्या कॅलिप्सो गायकाने ‘इंद्राणी’ (१९७३) या गाण्यात ती आणली, तेव्हा टीका झाली. पुढे ‘एंडलेस व्हायब्रेशन्स’ (१९७४) मध्ये त्याने वाद्ये बदलली, पण त्या ठेक्याची चाल ड्रम आणि गिटारवर कायम ठेवली. म्हणजे सोका जन्मला तो फरक न पाहिल्यामुळे नव्हे, शेजाऱ्याचा वेगळा ठेका कान देऊन ऐकल्यामुळे.

२०११ च्या जनगणनेनुसार त्रिनिदाद-टोबॅगोत भारतीय वंशाचे सुमारे ३५ टक्के आणि आफ्रिकी वंशाचे सुमारे ३४ टक्के लोक होते. तिथले राजकारणही बव्हंशी याच रेषेवर विभागलेले आहे. अशा देशात ‘आम्हाला फरक दिसत नाही’ हे वाक्य सोपे. फरक ओळखून सोबत वाजवणे अवघड. ‘फॅमले’चे शब्द सोपी वाट धरतात, ठेका मात्र अवघड वाटेने आलेला आहे. म्हणूनच गाणे आपल्या शब्दांपेक्षा मोठे ठरते.

स्वाध्याय : ‘इंद्राणी’ आणि ‘फॅमले’ लागोपाठ ऐका. पहिल्या वेळी शब्दांकडे दुर्लक्ष करून फक्त हातांनी ताल धरा. मग ठरवा, कुटुंब कुठे ऐकू येते : शब्दांत की तालात?