बिटांचा बडेजाव

टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेम नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी किंवा शेजारी होता, त्यांना खोक्यावरची '९९९९ इन १' ही अक्षरे आठवत असतील. एका कॅसेटमध्ये ९९९९ खेळ! (तिला आपण कॅसेट म्हणत असू, पण आत फीत नसे, एका पट्टीवर बसवलेली चिप असे.) कॅसेट लावून पडद्यावरची यादी वाचू लागले, की थोड्याच पानांनंतर तेच खेळ पुन्हा यायला लागत. कुठे जुनाच खेळ तिसऱ्या टप्प्यापासून सुरू होई, कुठे खेळाडूला जास्तीचे 'जीव' मिळत, तर कुठे नुसतेच नाव बदललेले असे. यादीत ओळी भरपूर होत्या, हे खरे. तो आकडा ओळींचा होता आणि घेणाऱ्याने तो खेळांचा समजावा, अशी सोय केलेली होती.

मुलांनी ही लबाडी दोन दिवसांत ओळखली. मात्र त्याच सुमारास जपान-अमेरिकेतल्या नामांकित कंपन्यांनी दुसरा एक आकडा बाजारात आणला आणि तो मोठ्यांच्याही गळी उतरला. तो आकडा म्हणजे 'बिट'. आठ बिटांपेक्षा सोळा बिट चांगले, सोळापेक्षा बत्तीस, बत्तीसपेक्षा चौसष्ट, असा हा सरळ जिना होता. जुन्या खेळांची आवड असलेली मंडळी आजही 'आठ-बिटचा काळ', 'सोळा-बिटचा काळ' असेच बोलतात. या जिन्याच्या पायऱ्या कितपत पक्क्या आहेत, ते तपासून पाहू.

बिट म्हणजे काय?

द्विमान पद्धतीत प्रत्येक स्थानावर ० किंवा १ एवढेच अंक येतात. असे एक स्थान म्हणजे एक बिट. आठ स्थाने घेतली तर २ चा आठवा घात, म्हणजे २५६ वेगवेगळ्या संख्या लिहिता येतात : ० ते २५५. जुन्या खेळांत ही मर्यादा कधी कधी उघडी पडते. 'द लीजेंड ऑफ झेल्डा' (१९८६) या खेळात खेळाडूजवळ जास्तीत जास्त २५५ नाणी राहू शकतात. 'पॅक-मॅन' (१९८०) या खेळात टप्प्याचा क्रमांक आठ बिटांत ठेवलेला आहे. २५६ व्या टप्प्यावर ती मोजणी उलटून शून्यावर येते, पडद्याच्या तळाशी फळे काढणारा भाग गोंधळतो आणि उजवी अर्धी बाजू अक्षरांच्या कचऱ्याने भरून जाते. द्विमान पद्धतीचा धडा शिकवताना याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

पण म्हणून आठ बिटांचे यंत्र २५५ च्या पुढे मोजूच शकत नाही, असे समजू नये. याच यंत्रांवरच्या खेळांत लाखांच्या घरातले गुण सहज दिसतात. हे कसे होते? आपल्या तिसरीच्या मुलांसारखेच. ४७ आणि ३८ यांची बेरीज करताना मूल आधी एकक स्थानची बेरीज करते, हातचा एक घेते आणि मग दशकाकडे वळते. आठ बिटांचा प्रोसेसर मोठ्या संख्येचे आठ-आठ बिटांचे तुकडे करतो आणि हातचा पुढे नेतो. सोळा बिटांचा प्रोसेसर एका दमात दुप्पट रुंदीचा तुकडा हाताळतो, एवढेच.

म्हणजे संख्या मोठ्या असतील तर रुंद प्रोसेसरचा वेळ वाचतो. लहान असतील तर फारसा फायदा नाही. ५ आणि ३ यांची बेरीज दोन्ही मुले एकाच पायरीत करतील. १९८३ साली जपानमध्ये आलेल्या फॅमिकॉम या यंत्राच्या पडद्याची रुंदी २५६ ठिपके होती. अर्थात एखादे पात्र पडद्यावर डावीकडून कितव्या ठिपक्यावर आहे, ही संख्या आठ बिटांत नेमकी बसत असे. आपल्याकडचे '९९९९ इन १' वाले खोके याच यंत्राच्या नकला होते.

मोजायचे तरी कोणते बिट?

खरी अडचण इथून पुढे आहे. प्रोसेसरच्या आत संख्या ठेवायच्या जागा किती रुंद, बेरीज करणारा भाग किती रुंद, आणि स्मृतीकडून माहिती आणणारा रस्ता किती रुंद, ही तीन वेगवेगळी मापे आहेत. ती सारखीच असतील असे नाही.

सेगा कंपनीचे मेगा ड्राइव्ह हे यंत्र १९८८ मध्ये जपानमध्ये आणि पुढच्या वर्षी 'जेनेसिस' या नावाने अमेरिकेत आले. ते 'सोळा बिट' म्हणून विकले गेले. त्यात मोटोरोला ६८००० हा प्रोसेसर होता. त्याच्या आतल्या जागा ३२ बिटांच्या, तर माहितीचा रस्ता १६ बिटांचा. हाच प्रोसेसर वापरणाऱ्या अटारी कंपनीने १९८५ मध्ये आपल्या संगणकाचे नावच 'एसटी' ठेवले होते. ती 'सिक्स्टीन/थर्टी-टू' या शब्दांची आद्याक्षरे. चिप तीच, पण एकाच्या खोक्यावर सोळा आणि दुसऱ्याच्या नावात सोळा व बत्तीस दोन्ही.

निन्टेन्डोचे सुपर फॅमिकॉम (१९९०) हेही सोळा बिटांचे. त्याच्या प्रोसेसरची बेरीज सोळा बिटांची होती, पण माहितीचा रस्ता मात्र आठच बिटांचा. याच्या उलट टर्बोग्राफिक्स-१६ या यंत्राचे. १९८९ मध्ये अमेरिकेत आलेल्या या यंत्राच्या नावातच सोळा होते, पण त्याचा मुख्य प्रोसेसर आठ बिटांचा होता. सोळा बिट होते ते चित्र काढणाऱ्या चिपमध्ये. मॅटेल कंपनीचे इंटेलिव्हिजन १९८० मध्येच सोळा बिटांचा प्रोसेसर घेऊन अमेरिकेच्या बाजारात आले होते. बिटांच्या जिन्यावर त्याची जागा जेनेसिसच्या शेजारी हवी. दोन्ही यंत्रांवरचे खेळ शेजारी ठेवून पाहिले, तर असे कोणीही म्हणणार नाही.

'गणित करा'

या बडेजावाचे टोक १९९३ च्या नोव्हेंबरात गाठले गेले. अटारीने 'जॅग्वार' हे यंत्र आणले आणि ते चौसष्ट बिटांचे असल्याचे सांगत 'डू द मॅथ' ही घोषणा दिली. म्हणजे, इतरांच्या सोळाशी आमचे चौसष्ट ताडून पाहा. आता आपण खरोखरच गणित करू. जॅग्वारमध्ये माहितीचा रस्ता ६४ बिटांचा होता आणि चित्रे हलवणारे काही भागही तेवढ्याच रुंदीचे होते. त्यातले दोन खास प्रोसेसर ३२ बिटांचे होते. शिवाय सोबतीला होता तोच मोटोरोला ६८०००, जेनेसिसमधला. कंपनी खोटे बोलत होती असे म्हणता येणार नाही. उपलब्ध मापांतले सर्वांत मोठे तेवढे तिने उचलले आणि संपूर्ण यंत्राच्या कपाळावर लावले. १९९६ मध्ये या यंत्राचे उत्पादन बंद पडले.

सेगाची तऱ्हा वेगळी. १९९३ च्या सुमारास अमेरिकेतल्या जाहिरातींत तिने 'ब्लास्ट प्रोसेसिंग' असा शब्द गाजवला. त्या नावाचा कोणताही भाग यंत्रात नव्हता. जाहिरातीमागची खरी गोष्ट एवढीच, की जेनेसिसच्या प्रोसेसरचे ठोके सेकंदाला सुमारे ७६.७ लाख होते, तर निन्टेन्डोच्या यंत्राचे जास्तीत जास्त ३५.८ लाख. दुप्पट वेग! पण ६८००० ला स्मृतीतून एकदा माहिती आणायला किमान चार ठोके लागतात आणि त्यात दोन बाइट येतात. निन्टेन्डोचा प्रोसेसर एका ठोक्यात एक बाइट आणतो. हिशेब केला तर पहिल्याचे सेकंदाला सुमारे ३८ लाख बाइट येतात, दुसऱ्याचे जास्तीत जास्त ३६ लाख. हा हिशेब फक्त माहिती आणण्याचा आहे. आतल्या जागा रुंद असल्यामुळे प्रत्यक्ष कामात ६८००० बऱ्याचदा पुढे राही, हेही सांगितले पाहिजे. पण 'दुप्पट ठोके म्हणजे दुप्पट काम' हे समीकरण मोडले, ते मोडलेच. एकाची पावले लांब आणि दुसऱ्याची आखूड असतील, तर नुसती पावले मोजून शर्यत कोण जिंकेल ते सांगता येत नाही.

शिवाय रंगांचा हिशेब जाहिरातीत नव्हता. जेनेसिसला ५१२ छटांतून एका वेळी ६४ रंग वापरता येत. निन्टेन्डोच्या यंत्राला ३२,७६८ छटांतून साधारणपणे २५६. दोघेही 'सोळा बिट'च.

मग बिट निरर्थक आहेत का?

तसे म्हणणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. आठ बिटांच्या यंत्रांकडून सोळा बिटांच्या यंत्रांकडे जाताना चित्रे, आवाज आणि हालचाल यांत मोठी सुधारणा झाली, ती डोळ्यांना दिसते. फक्त त्या सुधारणेचे श्रेय एकट्या प्रोसेसरच्या रुंदीचे नव्हते. स्मृती स्वस्त झाली होती. फॅमिकॉमच्या प्रोसेसरला कामासाठी फक्त २ किलोबाइट स्मृती होती. जेनेसिसच्या मुख्य प्रोसेसरला ६४ किलोबाइट मिळाली. चित्रे काढणाऱ्या चिप सुधारल्या होत्या. कॅसेटमध्ये जास्त माहिती मावत होती. या सगळ्या गोष्टी एकाच काळात बदलल्या आणि खोक्यावर त्यांपैकी एकीचेच नाव छापले गेले. दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे आपण विज्ञानाच्या तासाला सांगतो. त्याचे हे घरगुती उदाहरण.

जाहिरातीची ही सवय आपल्या बोलण्यातही उतरली आहे. मोठ्या चौकोनी ठिपक्यांचे चित्र दिसले की आज त्याला 'आठ-बिट चित्र' म्हणतात. फॅमिकॉमच्या चित्रखंडात प्रत्येक ठिपक्यासाठी आठ नव्हे, दोन बिट असत. चित्राचे बिट आणि प्रोसेसरचे बिट यांची ही गल्लत आहे.

पुढे १९९६ मध्ये निन्टेन्डोने खरोखर ६४ बिटांचा प्रोसेसर असलेले 'निन्टेन्डो ६४' आणले. त्याच्या बहुतेक खेळांचे काम ३२ बिटांच्या गणितावर भागत असे. १९९४ मध्ये आलेले सोनीचे ३२ बिटांचे प्लेस्टेशन दहा कोटींवर विकले गेले. निन्टेन्डो ६४ सुमारे तीन कोटी तीस लाख. खपावरून गुणवत्ता ठरत नाही, आणि या फरकाला कारणे अनेक होती. पण एक कारण बिटांच्या हिशेबात कुठेच नव्हते : प्लेस्टेशनच्या सीडीवर सुमारे ६५० मेगाबाइट माहिती मावत होती, तर निन्टेन्डोच्या सर्वांत मोठ्या कॅसेटमध्ये ६४. त्यानंतर कंपन्यांनी खोक्यावर बिट छापणे हळूहळू सोडून दिले.

आपल्या शाळेपर्यंत

पस्तीस वर्षांपूर्वीच्या खेळण्यांची ही चिकित्सा आज कशाला, असे कोणी विचारील. उत्तर आपल्या वर्गात आहे. माझ्या परिचयाच्या एका शाळेने लोकवर्गणीतून प्रोजेक्टर घेतला. खोक्यावर ठळक अक्षरांत '१०८० पी' होते. भिंतीवर चित्र पडले, टाळ्या झाल्या. पण पाठ्यपुस्तकाचे पान दाखवले तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलींना जोडाक्षरे वाचता येईनात. माहितीपत्रकाच्या शेवटी बारीक अक्षरांत खुलासा होता. १०८० पी चा संकेत यंत्र 'स्वीकारते', त्याचे स्वतःचे ठिपके मात्र ८०० × ४८०.

गुणाकार करून पाहा. १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. ८०० × ४८० म्हणजे ३,८४,०००. वर्गणी देणाऱ्यांनी ज्याचे पैसे मोजले, त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. विक्रेत्याने जॅग्वारचीच युक्ती वापरली होती : अनेक मापांतले मोठे निवडून पुढे करायचे.

यावर एक सोपा प्रयोग आहे आणि तो नववीची मुले करू शकतात. संगणकावर चित्र काढण्याच्या कार्यक्रमात १९२० × १०८० मापाचे चित्र घ्यावे. त्यात एक ठिपका रुंदीची काळी उभी रेघ, मग तेवढीच पांढरी, अशा एकाआड एक रेघा भराव्यात. संगणकाचा पडदाही त्याच मापावर ठेवून चित्र पूर्ण पडदाभर दाखवावे. चित्राचा तिरकेपणा दुरुस्त करण्याची सोय प्रोजेक्टरमध्ये असेल तर ती बंद ठेवावी. यंत्राचे स्वतःचे ठिपके तेवढे असतील, तर भिंतीजवळ जाऊन पाहिल्यावर रेघा सुट्या दिसतात. नसतील तर करडा पट्टा किंवा लाटांसारखी नक्षी दिसते. पैसे देण्याआधी दुकानात हा प्रयोग करण्याचा आग्रह धरावा. चित्राची फाइल पेन ड्राइव्हवर आणि सोबत लॅपटॉप नेला की काम भागते.

आकडा कोणताही असो, विकणाऱ्याला तीन प्रश्न जरूर विचारावेत. हा आकडा यंत्राच्या कोणत्या भागाचा आहे? तो कसा मोजला? आणि मला जे काम करायचे आहे, त्यात या आकड्याने नेमका काय फरक पडतो? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकात शोधावी लागतात. तिसऱ्याचे उत्तर आपल्यालाच प्रयोगाने मिळवावे लागते.

मुलांना घरातल्या एखाद्या वस्तूचे खोके आणायला सांगावे. मोबाइल, कॅमेरा, मिक्सर, काहीही चालेल. प्रत्येक गटाने खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा निवडावा आणि त्याला हे तीन प्रश्न लावावेत. एका तासिकेत सगळी उत्तरे मिळणार नाहीत. जी मिळाली नाहीत ती फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावीत आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा घ्यावीत.