यजमान बदलला तेव्हा

धर्मग्रामात नवे प्रमुख धर्मगुरू रुजू झाले की पहिले काही रविवार मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात कसली कुजबुज चालते, हे वाचकांना सांगायला नको. प्रवचन लांबले, आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही, आधीचे फादर आजाऱ्यांना भेटायला स्वतः जात असत. आलेल्याचे गुण त्या दिवसांत कोणी पाहत नाही. गेलेल्याची उणीव तेवढी पाहिली जाते. अमेरिकेत रात्री साडेअकराच्या सुमारास सुरू होणाऱ्या गप्पांच्या कार्यक्रमांचा प्रेक्षकवर्ग याहून फारसा निराळा नाही.

या कार्यक्रमांचा साचा गेल्या सत्तर वर्षांत जवळजवळ तसाच राहिला आहे. यजमान पडद्याआडून येतो, उभ्याउभ्या दिवसभराच्या बातम्यांची थट्टा करतो, मग मेजामागे बसतो; शेजारच्या खुर्चीवर पाहुणे येतात, बाजूला वाद्यवृंद असतो. पण प्रेक्षक साचा पाहत नाही, माणूस पाहतो. जॉनी कार्सन यांनी ‘द टुनाइट शो’ १९६२ पासून १९९२ पर्यंत चालवला. तीस वर्षे असंख्य घरांत दिवा मालवण्यापूर्वी शेवटचा चेहरा दिसे तो त्यांचा. २०१० च्या जानेवारीत कोनन ओब्रायन यांच्या हातून हाच कार्यक्रम अवघ्या सात महिन्यांत निसटून जुने यजमान जे लेनो परत येणार अशी चिन्हे दिसताच लॉस एंजेलिसमध्ये भर पावसात प्रेक्षक ओब्रायन यांच्या बाजूने रस्त्यावर जमले होते. अशा चेहऱ्याशी माणसाचे नाते जडते, ते असे.

मला मात्र येथे ज्या बदलाविषयी लिहायचे आहे तो २०१५ मधला. डेव्हिड लेटरमन यांनी १९९३ पासून सांभाळलेल्या सीबीएस वाहिनीवरील ‘द लेट शो’चा त्या वर्षी २० मे रोजी निरोप घेतला आणि ८ सप्टेंबरला त्यांच्या जागी स्टीफन कोल्बेअर आले. पहिल्या रात्री सुमारे ६५ लाख लोकांनी त्यांना पाहिले. कुतूहल ओसरल्यावर संख्या घसरत गेली आणि कुरकूर वाढत गेली. यातली अर्धी कुरकूर नेहमीचीच होती. लेटरमन यांचा तिरकस, काहीसा कडवट विनोद ज्यांच्या अंगवळणी पडला होता त्यांना या माणसाचा उत्साह ऊतू जाणारा वाटला. उरलेली अर्धी मात्र विलक्षण होती: पुष्कळ प्रेक्षकांना नव्या यजमानामध्ये उणीव भासत होती ती खुद्द कोल्बेअर यांचीच.

याचा उलगडा असा. २००५ ते २०१४ या काळात ‘द कोल्बेअर रिपोर्ट’ या कार्यक्रमात ते एक सोंग वठवत. स्वतःच्याच नावाचा, फुशारक्या मारणारा, वस्तुस्थितीची पर्वा न करणारा उजव्या विचारांचा वृत्तनिवेदक असे ते पात्र होते. ते इतके रंगले की सोंग कोठे संपते आणि माणूस कोठे सुरू होतो हे सांगणे कठीण झाले. ‘द लेट शो’वर येताना त्यांनी हे सोंग उतरवले. खाली सापडला तो एक सभ्य, वाचनवेडा, श्रद्धाळू कॅथलिक गृहस्थ. अकरा भावंडांतला धाकटा, मुलांना रविवारी धर्मशिक्षण देणारा. प्रेक्षकांना हा माणूस नको होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण त्यांना तो ओळखीचा नव्हता, आणि रात्री साडेअकरा वाजता नवी ओळख करून घेण्याची उमेद थोड्यांनाच असते.

‘आपला माणूस’ म्हणून कोणाचे कौतुक करणे हे समीक्षेचे काम नव्हे, याची मला जाणीव आहे. म्हणून पहिल्याच आठवड्यातील एका मुलाखतीविषयी जे लिहितो आहे ते केवळ तिच्या गुणवत्तेपायी. १० सप्टेंबरच्या रात्री तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष जो बायडन पाहुणे म्हणून आले. त्यांचा थोरला मुलगा बो ३० मे रोजी, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी निवर्तला होता. पहिली पत्नी आणि तान्ही मुलगी तर १९७२ च्या मोटार अपघातातच गेली होती. समोर बसलेल्या यजमानाचे दुःखही त्याच जातीचे होते. ११ सप्टेंबर १९७४ रोजी शार्लट शहराजवळ विमान कोसळून कोल्बेअर यांचे वडील आणि पीटर व पॉल हे दोन भाऊ ठार झाले, तेव्हा ते दहा वर्षांचे होते. मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी त्या अपघाताला एकेचाळीस वर्षे पुरी होणार होती.

थट्टेसाठी बांधलेल्या त्या रंगमंचावर त्या रात्री दोन कॅथलिक पुरुष मृत्यूविषयी आणि श्रद्धेविषयी बोलले. मिस्सेला गेल्यावर भोवती गर्दी असूनही आपल्याला एकटे राहता येते, आणि त्यात आपल्याला दिलासा मिळतो, असे बायडन म्हणाले. राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहण्याइतके बळ अंगात आहे असे छातीवर हात ठेवून आपण सांगू शकत नाही, हेही त्यांनी कबूल केले. कोल्बेअर यांनी त्यांना सांत्वनाची ठरीव वाक्ये ऐकवली नाहीत की हंशा पिकवण्याची घाई केली नाही. आपल्याकडे मयताच्या घरी जाऊन नुसते ओटीवर बसून राहणारी माणसे असतात. त्यांच्या बसण्यालाच अर्थ असतो. त्या रात्रीच्या यजमानाचे बसणे तसे होते. ही मुलाखत वाखाणली गेली, पण तिच्यामुळे प्रेक्षकवर्ग वाढला नाही. त्याच महिन्यात दिवंगत पोप फ्रान्सिस न्यूयॉर्कला आले असता कार्यक्रमाचा एक संपूर्ण भाग त्यांच्या भेटीला वाहिला गेला. आकडे तेथल्या तेथे राहिले.

पुढे जे घडले त्यात प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेचा वाटा मोठा आहे. २०१६ च्या जुलैमध्ये राजकीय पक्षांची अधिवेशने भरली असताना कोल्बेअर यांनी आपले जुने सोंग एका रात्रीपुरते परत आणले आणि प्रेक्षागृह दणाणून गेले. जुन्या कंपनीच्या वकिलांनी हरकत घेताच त्यांनी त्या पात्राचा हुबेहूब दिसणारा चुलतभाऊ उभा केला! गंमत म्हणून ही हजरजबाबी लाजवाब होती. परंतु प्रेक्षकांना काय हवे आहे याचे उत्तरही त्या टाळ्यांत होते. डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१७ च्या जानेवारीत सत्ता हाती घेतल्यानंतर कोल्बेअर यांच्या सुरुवातीच्या निवेदनाला धार चढली, ते रोज एकाच माणसावर रोखले जाऊ लागले, आणि थोड्याच आठवड्यांत प्रेक्षकसंख्येत त्यांनी ‘द टुनाइट शो’च्या जिमी फॅलन यांना मागे टाकले. उसने सोंग गेले होते खरे. त्याच्या जागी रागाचा एक चेहरा आला, आणि तो लोकांना लगेच आवडला.

यावर कोणी म्हणेल की सत्ताधाऱ्यांची कानउघाडणी करणे हे तर संदेष्ट्यांचे व्रत आहे. मान्य. पण आमोस बेथेलला जाऊन जे बोलला ते तेथल्या श्रोत्यांना झोंबणारे होते, म्हणून तर अमस्याने त्याला हाकलले. कोल्बेअर यांचे निवेदन ऐकणारे बहुतेक लोक आधीपासूनच त्यांच्या बाजूचे होते. ज्यांना ते झोंबले असते त्यांनी केव्हाच वाहिनी बदलली होती. आपल्याशी सहमत असलेल्यांच्या टाळ्या मिळवणे हे विनोदकाराचे अवघड काम नव्हे. १ मे २०१७ च्या निवेदनात तर त्यांनी ट्रम्प यांच्यावर इतका गलिच्छ विनोद केला की प्रेक्षकांच्या तक्रारी केंद्रीय दळणवळण आयोगापर्यंत गेल्या. आयोगाने कारवाई केली नाही, आणि पुढे कोल्बेअर यांनीही काही शब्द नको इतके ओंगळ होते हे मान्य केले. त्या विनोदाला प्रेक्षागृहात हशा मिळाला होता, ही गोष्ट मला विनोदाहून अधिक बोचते.

मग एक वेळ अशी आली की प्रेक्षागृहच रिकामे झाले. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे चित्रीकरण बंद पडले, तेव्हा कोल्बेअर यांनी सूट घालून आपल्या घरच्या न्हाणीघरातील टबात बसून निवेदन केले. पुढचे वर्ष-सव्वा वर्ष ते प्रेक्षकांवाचून बोलत राहिले. त्यांच्या विनोदावर हसायला बहुधा एकटी त्यांची पत्नी एव्हलिन असे. तिचे ते कॅमेऱ्यामागून ऐकू येणारे हसणे म्हणजे या कार्यक्रमाच्या अकरा वर्षांतले मला सर्वांत खरे वाटलेले हसणे. टाळ्यांसाठी थांबण्याची गरज उरली नाही तेव्हा त्यांचा आवाज उतरला, वाक्ये लांबली, राजकारणाच्या मध्येच आईच्या आठवणी, पुस्तके, मरणाची भीती येऊ लागली. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये लोकांना ज्याची ओळख पटली नव्हती तोच हा माणूस होता. १४ जून २०२१ रोजी प्रेक्षक परतले. त्यांनी उभे राहून जल्लोष केला, आणि जुनी धारही परतली. प्रेक्षकांवाचून केलेले ते भाग कंटाळवाणे होते असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. माझे मत उलट आहे, आणि ते बदलण्याचे मला कारण दिसत नाही.

१७ जुलै २०२५ रोजी कोल्बेअर यांनी प्रेक्षकांना सांगितले की मे २०२६ मध्ये सीबीएस हा कार्यक्रम बंद करणार आहे. वाहिनीने आर्थिक कारण दिले. काही दिवसांपूर्वीच त्यांनी तिच्या मालक कंपनीने ट्रम्प यांच्याशी केलेल्या तडजोडीवर टीका केली होती, त्यामुळे अनेकांना ते कारण पटले नाही. बातमी ऐकताच प्रेक्षागृहातून निषेधाचा आवाज उठला. कोल्बेअर यांनी त्यांना शांत करत सांगितले की आपल्या जागी दुसरा कोणी येणार नाही, कार्यक्रमच राहणार नाही. लेटरमन यांच्या चाहत्यांना कुरकुरण्यासाठी निदान कोल्बेअर तरी होते.