चाहूल आणि दर्शन

ओसाड वाडा, करकरणारे दार, विझत चाललेला दिवा: भयपटाचे संकेत प्रेक्षकाला पाठ असतात, तरीही तो घाबरतो. भरताने ‘नाट्यशास्त्रा’त भयानक रसाच्या विभावांमध्ये विकृत ध्वनी, कोल्हे, घुबडे, शून्य गृह आणि अरण्य यांची गणना केली आहे. म्हणजे हे संकेत चित्रपटाहून कितीतरी प्राचीन आहेत. चित्रपटाने त्यांना काळाची जोड दिली. भयकथेचा वाचक पुस्तक मिटू शकतो. चित्रपटगृहातील प्रेक्षकाला मात्र दिग्दर्शकाने ठरविलेल्या गतीनेच वाट पाहावी लागते. भयपटाचे सामर्थ्य या वाट पाहण्यात आहे.

जाक तूर्नर यांच्या ‘कॅट पीपल’मध्ये (१९४२) रात्री निर्जन रस्त्याने चाललेल्या स्त्रीच्या मागे पावले वाजत राहतात आणि एकाएकी थांबतात. ती भेदरून पुढे धावते, तोच श्वापदाच्या फूत्कारासारखा आवाज करीत बस येऊन उभी राहते. श्वापद दिसतच नाही. प्रेक्षक दचकतो बसमुळे. पण त्याच्या मनात भय रुजवलेले असते ते थांबलेल्या पावलांनी. ‘जॉज’च्या (१९७५) चित्रीकरणात यांत्रिक शार्क वारंवार बिघडत असे. तेव्हा स्पीलबर्ग यांनी पाण्याचा पृष्ठभाग आणि जॉन विल्यम्स यांची दोन स्वरांची आवर्तने यांतून तिचे अस्तित्व सूचित केले. अडचणीतून आलेला हा संयमच चित्रपटाचे बळ ठरला.

याउलट रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’मधील (१९८४) सामरी दर्शन देण्यास उत्सुक असतो. वातावरणनिर्मितीत या चित्रपटाची पकड निर्विवाद आहे. परंतु राक्षस पुनःपुन्हा समोर आला की दृष्टी त्याच्या रंगभूषेवर स्थिरावते आणि भयाची जागा जुगुप्सा घेते. जुगुप्सा हा बीभत्साचा स्थायीभाव. बीभत्स हाही रसच आहे. मात्र दोहोंची गल्लत केल्यास चाहुलीचे मोल उरत नाही.

रामगोपाल वर्मा यांच्या ‘भूत’ने (२००३) ओसाड वाडा सोडून मुंबईतील उंच इमारतीतल्या सदनिकेत भय वसवले. लिफ्ट, आरसा, रात्रीचा दूरदर्शन संच एवढी सामग्री त्याला पुरते. शून्य गृहाचा जुना संकेत येथे नव्या अर्थाने जिवंत होतो: माणसांनी गजबजलेले घरही आतून शून्य असू शकते. वाड्याचे भय वाड्यातच राहते. सदनिकेचे भय प्रेक्षकाच्या सोबत त्याच्या घरी येते. संकेत जुना आहे की नवा, यापेक्षा तो कोणाच्या दारापर्यंत पोहोचतो, हीच भयपटाची खरी कसोटी होय.