‘ॲव्हरेज’ वाढवून देण्याचे दावे : एक तपासणी

एक लिटर इंधनात गाडी किती किलोमीटर चालते या आकड्याला आपल्याकडे ‘ॲव्हरेज’ म्हणण्याची पद्धत आहे. या शब्दाचा अर्थ सरासरी असा असला, तरी सांगितला जाणारा आकडा बहुधा एकदाच, आणि तोही गाडी चांगली चालली त्या वेळी काढलेला असतो. ट्यूनिंग करून देणारी गॅरेजे, पेट्रोलच्या नळीला बांधायची चुंबके, हवेला ‘भोवरा देणारी’ पाती, टाकीत टाकायच्या गोळ्या आणि इंजिनाच्या संगणकातला प्रोग्राम बदलून देणारे तंत्रज्ञ यांचा सगळा व्यवहार अशाच आकड्यांवर चालतो. वीस-तीस टक्के वाढीचे दावे त्यात सर्रास आढळतात.

या दाव्यांना हसून सोडून देणे योग्य नाही. रोज पन्नास किलोमीटर दुचाकी चालवून शाळेत जाणाऱ्या शिक्षकाला किंवा घरोघरी माल पोचवणाऱ्या तरुणाला दहा टक्के बचतही महत्त्वाची असते. शिवाय या दाव्यांतले काही खरे आहेत. म्हणून कोणता दावा कशामुळे खरा किंवा खोटा ठरतो, हे शालेय विज्ञानाच्या आधारे तपासून पाहू.

न जळलेले पेट्रोल किती?

बहुतेक उपकरणांचा युक्तिवाद एकच असतो : इंजिनात पेट्रोल पूर्ण जळत नाही, आमचे उपकरण ते पूर्ण जाळते. ऐकायला हे पटते. आपणही वर्गात ‘पूर्ण ज्वलन’ आणि ‘अपूर्ण ज्वलन’ शिकवतो, मात्र अपूर्ण म्हणजे किती, हे सांगत नाही.

सुस्थितीतील, इंधन व हवेचे प्रमाण बरोबर असलेल्या चारस्ट्रोक इंजिनात पेट्रोलमधील सुमारे ९७-९८ टक्के रासायनिक ऊर्जा ज्वलनातून मोकळी होते. म्हणजे पूर्ण ज्वलनाने मिळू शकणारा जास्तीत जास्त फायदा दोन-तीन टक्के. इंजिनाची खरी गळती दुसरीकडे आहे. शंभर रुपयांच्या पेट्रोलमधील तीस रुपयांच्या आसपास ऊर्जेचे यांत्रिक कार्य होते, तेही इंजिन अनुकूल वेगाने व भाराने चालत असेल तर. बाकीची ऊर्जा धुराड्यातून आणि थंड करणाऱ्या हवा-पाण्यातून उष्णतेच्या रूपात निघून जाते. ही उष्णता चुंबकाने परत मिळत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशा शंभराहून अधिक उपकरणांचे मूल्यमापन केले आणि मायलेज लक्षणीय वाढवणारे एकही उपकरण तिला आढळले नाही. वरचा हिशेब लक्षात घेतला तर यात आश्चर्य वाटायला नको.

दुस्ट्रोक स्कूटरची गोष्ट वेगळी होती. तिच्या सिलिंडरमध्ये ताजे मिश्रण शिरत असतानाच धूर बाहेर जाण्याची वाटही उघडी असे. त्यामुळे ताज्या मिश्रणाचा काही वेळा पाव हिस्सा न जळताच बाहेर पडे. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० ही चारस्ट्रोक मोटारसायकल आली तेव्हा तिच्या मायलेजने लोक चकित झाले, त्याचे एक मोठे कारण हेच होते. पण हा फायदा इंजिनाची रचना बदलल्याचा होता. स्क्रू पिळून तो मिळणारा नव्हता.

ट्यूनिंगने नेमके काय होते?

एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. कार्ब्युरेटरचा जेट झिजला किंवा तरंगक्याची पातळी चढली की मिश्रणात पेट्रोल जास्त होते. हे प्रमाण १३ किलो हवेवर आले असे समजू. तेवढ्या हवेतला ऑक्सिजन ढोबळ हिशेबाने १३ भागिले १४.७, म्हणजे ८८ टक्के पेट्रोलला पुरतो. उरलेल्या १२ टक्क्यांइतकी ऊर्जा मुख्यतः कार्बन मोनॉक्साइडच्या रूपात वाया जाते. अशा गाडीचा कार्ब्युरेटर कुशल मिस्त्रीने नीट लावला तर मायलेज दहा टक्क्यांनी वाढू शकते. मिस्त्रीचे म्हणणे इथे खरे असते. फक्त त्याने गाडीला मूळच्या क्षमतेवर परत आणलेले असते, तिच्या पुढे नेलेले नसते. गिऱ्हाईक मात्र ‘ट्यूनिंगने ॲव्हरेज वाढते’ असा सर्वसाधारण नियम घेऊन घरी जाते, आणि नीट चाललेल्या गाडीचे स्क्रूही पिळून घेते.

आजच्या गाड्यांत हा वावही फारसा उरलेला नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि दुचाकींतही कार्ब्युरेटरची जागा इंधन फवारणी यंत्रणेने घेतली. धुराड्यातला ऑक्सिजन संवेदक मिश्रणाचे प्रमाण सतत तपासतो आणि संगणक ते दुरुस्त करतो.

हवेच्या गाळणीचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. गाळणी चोंदली की मायलेज घटते हा समज जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांपुरता बरोबर होता. गाळणी बदलल्यावर त्यांत दोन ते सहा टक्के फरक पडू शकतो. पण अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या २००९ सालच्या अहवालात इंधन फवारणीच्या गाड्यांत चोंदलेल्या गाळणीने मायलेजवर लक्षणीय परिणाम झाला नाही; वेग पकडण्याची क्षमता मात्र घटली. याचे कारण सोपे आहे. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची झडप हा मुद्दाम ठेवलेला अडथळा असतोच. गाळणीचा अडथळा वाढला तर चालक नकळत झडप थोडी जास्त उघडतो आणि इंजिनाला हवी तेवढी हवा मिळते. मग ‘मोकळा श्वास’ देणाऱ्या महागड्या गाळणीने रोजच्या वापरात मायलेज कसे वाढणार? गाळणी स्वच्छ ठेवावी ती इंजिनात धूळ जाऊ नये म्हणून.

फायद्याची किंमत

काही बदलांचा फायदा खरा असतो, पण मर्यादित. पाठ्यपुस्तकातील ऑटो चक्राचे सूत्र घेतले तर संपीडन गुणोत्तर ९ वरून १० केल्याने आदर्श कार्यक्षमता ५८.५ वरून ६०.२ टक्के होते, म्हणजे मूळच्या सुमारे तीन टक्क्यांनी वाढते. त्यासाठी अधिक ऑक्टेनचे इंधन नसेल तर इंजिन ठोकू लागते आणि पिस्टनला इजा होते.

मिश्रणात हवा वाढवूनही थोडी बचत होते. पण धुराड्यातील उत्प्रेरक १४.७ या प्रमाणाच्या अगदी जवळपासच तिन्ही प्रदूषकांवर काम करतो. हवा त्याहून जास्त झाली की नायट्रोजनची ऑक्साइडे तशीच बाहेर पडतात. दुचाकीच्या पीयूसी तपासणीत कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजत नाहीत. म्हणून अशी गाडी तपासणीत उत्तम गुणांनी पास होते, आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मुलांच्या फुप्फुसात काय गेले याची नोंद कुठेच राहत नाही.

फोक्सवॅगनचे २०१५ साली उघडकीस आलेले प्रकरण याच प्रकारचे, फक्त कारखान्याच्या पातळीवरचे. चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरते प्रदूषण नियंत्रण पूर्ण चालवणारा प्रोग्राम जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत होता. अमेरिकेत काही गाड्या रस्त्यावर नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत सोडत होत्या. ‘चिप ट्यूनिंग’ करून घेणाऱ्याने विचारायला हवे की, कंपनीने सोडून दिलेला फायदा आपल्याला मिळतो आहे, तर तिने तो का सोडला होता?

मोजमापाचा कच्चेपणा

आमचा मुख्य आक्षेप मात्र मोजमापाला आहे. समजा, दुचाकीची टाकी पूर्ण भरली, गाडी चालवली आणि पुन्हा भरताना पाच लिटर पेट्रोल मावले. ‘पूर्ण भरली’ याचा अंदाज पाव लिटरने चुकला तरी उत्तर पाच टक्क्यांनी बदलते. मग एका टाकीवरून सांगितलेली आठ टक्के वाढ किती विश्वासाची? त्यात चालवणाऱ्याची भर पडते. पैसे खर्च करून नवे उपकरण बसवलेला माणूस काही दिवस गाडी जपून चालवतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरला तो ६० च्या सुमारे १.७८ पट असतो. नुसते हळू चालवल्याने झालेली बचत उपकरणाच्या नावावर जमा होते.

इंधनही बदललेले असू शकते. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या एका लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी असते. त्यामुळे जुन्या वहीतल्या आकड्यांशी आजची तुलना करताना सावध राहावे.

मोठ्या कंपन्याही या दोषापासून मुक्त नाहीत. ह्युंदाई आणि किया यांनी अमेरिकेत सुमारे नऊ लाख गाड्यांचे मायलेज फुगवून सांगितल्याचे २०१२ साली बाहेर आले. अनेक चाचण्यांची सरासरी घेण्याऐवजी सोयीचे निकाल निवडले, असा तिथल्या पर्यावरण संस्थेचा ठपका होता. प्रयोगवहीतले न जुळणारे वाचन खोडून टाकणारा विद्यार्थी आणि या कंपन्या यांच्यात तत्त्वतः फरक नाही.

वर्गासाठी

हा विषय नववी-दहावीच्या वर्गात सहज घेता येईल. चार-पाच शिक्षकांच्या गाड्या निवडाव्यात. टायरमधील हवा ठरलेल्या दाबावर ठेवावी, मार्ग आणि चालक बदलू नये आणि प्रत्येक गाडीच्या लागोपाठ दहा टाक्यांची नोंद करावी. पन्नास लिटरमागे पाव लिटरची चूक अर्ध्या टक्क्यावर येते, हे विद्यार्थ्यांना स्वतः हिशेब करून दिसेल. मग एखादा बदल करावा, पण तो केव्हा केला हे नोंदी ठेवणाऱ्या मुलांना आणि शक्य असेल तर चालकालाही सांगू नये. हवा भरणे, घासणारे ब्रेक मोकळे करणे किंवा साखळीला तेल देणे असे साधे बदल यासाठी पुरेत. शेवटी प्रत्येक टाकीचा आकडा आलेखावर मांडावा. एकाच गाडीचे आकडे एरवीही किती वरखाली होतात हे त्यात दिसेल. त्या चढउतारांपेक्षा मोठा फरक दिसला तरच बदलाचा परिणाम झाला असे म्हणावे.

असा आलेख एकदा स्वतः काढलेला विद्यार्थी पुढे गॅरेजमध्ये गेल्यावर ‘किती वाढेल?’ एवढेच विचारून थांबणार नाही. किती गाड्यांवर, किती टाक्या आणि कशाच्या तुलनेत, हेही तो विचारील.