हस्तिदंतावरील राज्याभिषेक

म्यूनिकच्या राजवाड्यातील रत्नभांडारात सोळाव्या शतकातील एक हस्तिदंती पेटी आहे. सिंहलद्वीपातील कोट्टे राज्याच्या कारागिरांनी ती घडविली. तिच्या नाजूक कोरीव कामाची स्तुती पुष्कळ झाली आहे व ती यथार्थच आहे. परंतु जिच्यासाठी ती घडली त्या वकिलीचा विचार केल्यावाचून तिचे मर्म उमगेल, असे आम्हांस वाटत नाही. (वकील हा शब्द आमच्या धंद्यास मागाहून चिकटला; मराठी दफ्तरांत तो दरबारच्या प्रतिनिधीचा.)

कोट्टेचा राजा भुवनेकबाहू यास पुत्र नव्हता. धाकटा भाऊ मायादुन्ने सीतावकेहून गादीवर डोळा ठेवून होता. तेव्हा मुलीचा मुलगा धर्मपाल यास वारस ठरविण्यासाठी राजाने आपले पुरोहित श्रीरामरक्ष पंडित यांस बालकाची सुवर्णप्रतिमा देऊन लिस्बनला धाडले. तेथे दों जुआंव तिसरा याने त्या प्रतिमेस मुकुट घातला.

पेटीवर हाच अभिषेक कोरला आहे. मात्र बहुतेक अभ्यासकांच्या मते ती पंडितांबरोबरच गेली, म्हणजे सोहळ्यापूर्वीच घडली. तसे असेल तर हे घडलेल्या गोष्टीचे चित्र नव्हे, मागणीचा मसुदा आहे. कारागिराने दोन राज्यांमधला समुद्र पुसून टाकला. पंडितांना तो ओलांडावा लागला. शिवाय मुकुट घालणारा येथे स्नेही की सार्वभौम, हे हस्तिदंत सांगत नाही. कोट्टेने त्यात वारसाची मान्यता पाहिली, लिस्बनने मांडलिकत्व. ही संदिग्धता कलाकृतीस शोभते. करारात ती दुबळ्या पक्षाच्याच अंगावर येते.

पंडितांस दोष देणे आम्हांस अन्यायाचे वाटते. वारसाची मान्यता आणणे हे त्यांचे काम, आणि १५४३ ची सनद त्यांनी मिळविली. परंतु तिच्या पाठोपाठ फ्रान्सिस्कन पाद्रीही आले. धर्मांतर नाकारणारा भुवनेकबाहू १५५१ साली केलनिया येथे पोर्तुगीज गोळीने मेला. तो अपघात की घात, हा वाद आजही आहे. १५५७ साली धर्मपालाने बाप्तिस्मा घेतला व विहार-देवळांच्या जमिनी फ्रान्सिस्कनांस दिल्या.

आमच्या वाचकांस येथे १५४१ आठवेल. पंडित लिस्बनच्या वाटेस लागले त्याच सुमारास तिसवाडीतील मोडलेल्या देवळांच्या जमिनी मिशनकार्याकडे वळविल्या जात होत्या. ती वार्ता कोट्टेच्या दरबारी वेळीच पोहोचती, तर पेटीवर कोणता प्रसंग कोरला गेला असता?

धर्मपालाने १५८० साली मृत्युपत्राने राज्यच पोर्तुगालच्या राजास लिहून दिले. १५९७ साली तो कोलंबोत वारला.