'टेरा' : एका शब्दाची वाटचाल

शब्दाचे मोल व्युत्पत्तीवर ठरते की वापरावर, हा वाद जुना आहे. 'टेरा' या लॅटिन पृथ्वीवाचक शब्दाचा इतिहास पाहता आम्हांस दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो.

रोमन पंडित व्हॅरो याने पायांखाली तुडविली जाते ती 'टेरा', अशी व्युत्पत्ती नोंदविली आहे. अर्वाचीन भाषाशास्त्र तीस मान्यता देत नाही. त्याच्या मते मूळ धातूचा अर्थ 'सुकणे' असा असून संस्कृत 'तृष्' त्याचाच सगोत्र होय. आपली 'तहान'ही त्याच कुळातली. आपल्या पूर्वजांनी विस्तार पाहून जिला 'पृथ्वी' म्हटले, तिचा समुद्राहून वेगळा असा कोरडेपणा लॅटिन भाषकांच्या मनात भरला.

धर्मात मात्र ही कोरडी भूमी माता झाली. 'टेलस' या नावानेही ती पूजिली जाई आणि 15 एप्रिलच्या फोर्डिसिडिया उत्सवात तिला गाभण गाय बळी देत. या मातृत्वाची ल्युक्रीशियस कवीने केलेली चिकित्सा आम्हांस विशेष मोलाची वाटते. आपल्या महाकाव्याच्या दुसऱ्या सर्गात तो बजावतो की, पृथ्वीस देवमाता खुशाल म्हणावे, परंतु ती अचेतन आहे हे विसरू नये. पाचव्या सर्गात तोच म्हणतो की, प्राणिमात्र तिच्यापासून उपजले, म्हणून 'आई' हे नाव तिला शोभते. यात कोणास विसंगती दिसेल. आम्हांस ती दिसत नाही. अंधश्रद्धा टाकूनही कृतज्ञता राखता येते, हेच त्याच्या काव्याचे मर्म होय.

विज्ञानाने ही कृतज्ञता नामकरणापुरती पाळली. क्लापरोथ याने 1798 मध्ये एका मूलद्रव्यास 'टेल्युरियम' हे नाव दिले. कायद्याने तेवढेही केले नाही. 'टेरा नलियस', म्हणजे कोणाचीही नसलेली भूमी, या कल्पनेच्या आधारे ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांचे जमिनीवरील हक्क नाकारले गेले. तेथील सर्वोच्च न्यायपीठाने 1992 च्या माबो खटल्यात ती कल्पना त्याज्य ठरविली. परंतु तोवर दोन शतके लोटली होती. मातेचे नाव घेऊनच लेकरांना बेदखल करण्यात आले!

आपणा नोकरदारांच्या फायलींत रोज येणारी 'टेरिटरी' ही याच 'टेरा'ची लेक. तिच्या सीमा आखताना तीवर कोणाचे घर आहे, हे विचारण्याची सवय शासनाच्या भाषेला लागली पाहिजे. ल्युक्रीशियसचे ते दोन सर्ग त्या कामी अद्यापि उपयोगी पडतील, असे आमचे मत आहे.