हायकू, अक्षरगणना आणि आशियाई अभ्यासाचा वर्ग

जपानची ओळख करून देताना विद्यार्थ्यांकडून हायकू लिहून घेणे हा सोयीचा उपक्रम होय. तथापि ५-७-५ अक्षरे जुळली की हायकू साधला, या समजामुळे उपक्रमाचे अभ्यासमूल्यच हरवते. जपानी गणना अक्षरांची नसून उच्चारकालाची आहे. 'तोक्यो' या नावात आपण दोन अक्षरे मोजतो, जपानी माणूस चार एकके मोजतो. दीर्घ स्वराला दुप्पट वजन देणारी ही रीत ओवी-अभंगाच्या अक्षरगणनेपेक्षा आपल्या मात्रावृत्तांना अधिक जवळची आहे. शिरीष पै (१९२९-२०१७) यांनी मराठीत हायकू रुजविताना संख्येचे बंधन मानले नाही. तीन ओळी आणि निसर्गातील एक क्षण तेवढा राखला. प्रस्तुत लेखकास तो निर्णय योग्य वाटतो.

दुर्लक्ष होते ते ऋतुसूचक शब्दाकडे. बाशोच्या (१६४४-१६९४) परंपरेत तो आवश्यक मानला जातो. शिरूर-दौंडच्या विद्यार्थ्याने चेरीचा बहर वर्णिला तर ते निव्वळ अनुकरण ठरते (चेरी त्याने पाहिली असेल ती बहुधा केकवर). त्याचा ऋतू पर्जन्यछायेतला आहे : कोरडा सरलेला आषाढ, घोड नदीचे उघडे पात्र, दौंडकडची धुमसणारी गुऱ्हाळे. जपानी कवींच्या हाताशी ऋतुशब्दांचे कोश असतात. तसा लहानसा कोश या दोन तालुक्यांपुरता विद्यार्थ्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून आधी सिद्ध करावा, कविता नंतर. गुणही तीन ओळींना न देता, निवडलेल्या शब्दाच्या लेखी समर्थनास द्यावेत.